जर्मन भाषेचे मानमंडळ : एक चिकित्सा

अमेरिकेत दक्षिण कॅरोलिना राज्यातील वॉफर्ड महाविद्यालयात १९२७ साली 'डेल्टा फाय अल्फा' हे जर्मन भाषेच्या विद्यार्थ्यांचे मानमंडळ स्थापन झाले व पुढे त्याच्या शाखा तेथील अनेक महाविद्यालयांत पसरल्या. जर्मनच्या अभ्यासात विशेष गुणवत्ता दाखविणाऱ्या विद्यार्थ्यास सभासदत्व देऊन गौरवावयाचे, हे त्याचे मूळ सूत्र होय. असे मंडळ आपल्याकडेही असावे काय, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे.

महाराष्ट्रातील जर्मनविद्या मात्र निराळ्या वाटेने आली. मार्टिन हौग १८५९ मध्ये पुण्यास संस्कृतचे प्राध्यापक झाले. त्यांच्यामागून आलेले कीलहॉर्न १८८१ पर्यंत येथे होते. जर्मन ग्रंथ वाचल्यावाचून संस्कृतचेही काम पुरे होत नाही, ही जाणीव अशा पंडितांमुळे आपल्याकडे रुजली. पां. दा. गुणे यांनी लाइपझिगला १९१३ मध्ये डॉक्टरेट मिळविली. बर्लिनला शिकलेल्या सुखटणकरांनी १९२५ पासून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची धुरा वाहिली. इरावती कर्वे बर्लिनला आणि रा. ना. दांडेकर हायडेलबर्गला गेले. यांपैकी कोणासही मानचिन्हाचे आमिष नव्हते. विषयाची निकड होती.

तथापि या परंपरेचा एक दोष झाकून चालणार नाही. ही जर्मनविद्या बहुतांशी त्या त्या पंडिताच्या अभ्यासिकेतच राहिली. गुण्यांचा तौलनिक भाषाशास्त्रावरील १९१८ चा ग्रंथ इंग्रजीत आहे. याउलट झ्यूल ब्लॉक यांचा मराठी भाषेवरील फ्रेंच ग्रंथ वा. गो. परांजपे यांनी १९४१ मध्ये मराठीत आणला आणि तो आपल्या वर्गांत पोहोचला. ब्रुगमान मात्र आमचा विद्यार्थी अजूनही इंग्रजीच्या पडद्याआडून पाहतो.

हे अधिक खेदाचे अशासाठी की मराठी भाषकाला जर्मनची एक अवघड पायरी सोपी आहे. जर्मनमध्ये मुलगी या अर्थाचा 'मेडशन' हा शब्द नपुंसकलिंगी आहे, कारण त्यास लघुत्वदर्शक प्रत्यय लागला आहे. इंग्रजी भाषकास हे चमत्कारिक वाटते. हिंदीत तर नपुंसकलिंगच उरलेले नाही. पण 'लेकरू', 'वासरू', 'कोकरू' म्हणणाऱ्या जामखेडच्या विद्यार्थ्याला ते सांगताच उमगते. (माझ्या वर्गात एकाने लगेच 'पाखरू'ही जोडून दाखविले.) हा लाभ घेण्यास त्याला शिक्षक हवा आणि जर्मन-मराठी पुस्तक हवे; मानपत्र त्यानंतरचे.

अमेरिकेत वर्ग आधी होते व मंडळ नंतर आले, हा क्रम नजरेआड करू नये. तालुक्याच्या गावी मंडळ आधी काढल्यास निवड करावयाची कोणातून? तरीही ते काढावयाचेच असेल, तर सभासदत्वाची कसोटी परीक्षेतील गुणांऐवजी वीस पानांचे मूळ जर्मनवरून केलेले मराठी भाषांतर ही ठेवावी. आमच्याकडे ती भाषांतरे तपासणारा कोणी नाही. ती पुण्यास पाठवावी लागतील.