'ऑप्टिमाइज' केलं म्हणजे नक्की काय केलं?

सिनॉप्सिस लिहायला बसलात की एक वाक्य हमखास सुचतं : "प्रस्तुत संशोधनात अमुक अल्गोरिदम ऑप्टिमाइज केला आहे." वाचायला भारदस्त वाटतं. पण या वाक्यात तुम्ही नेमका कोणता दावा केलात?

मराठीत ऑप्टिमायझेशनला 'इष्टतमीकरण' म्हणतात. त्यातला 'तम' बघा. लघुतर म्हणजे अधिक लहान, लघुतम म्हणजे सर्वांत लहान. मूळ लॅटिन 'ऑप्टिमस'चा अर्थही 'सर्वोत्तम' असाच.

रेषीय प्रोग्रॅमिंगमध्ये हा 'तम' खरा असतो. जॉर्ज डँट्झिग यांच्या 1947 च्या सिम्प्लेक्स पद्धतीने इष्टतम उत्तर मिळालं, की दिलेल्या अटींत त्याहून चांगलं उत्तर नाही हे सिद्ध करता येतं.

कंपायलरमध्ये मात्र तोच शब्द बहुतेकदा 'तर'च्या अर्थाने येतो. कोणत्याही प्रोग्रॅमचं सर्वांत लहान रूप देणारा कंपायलर असूच शकत नाही. का? काहीही न छापता अखंड चालणाऱ्या प्रोग्रॅमचं सर्वांत लहान रूप म्हणजे रिकामा अनंत लूप. कंपायलर ते दरवेळी देऊ शकला, तर कोणता प्रोग्रॅम थांबणार नाही हेही त्याला ओळखता येईल. आणि ते सरसकट ओळखणं अशक्य आहे, हे ट्युरिंग यांच्या 1936 च्या कामातून निघतं. 1987 मध्ये मॅसालिन यांनी छोट्या कामांसाठी सूचनांचे क्रम एकेक तपासून सर्वांत लहान क्रम शोधणारं साधन मांडलं. त्याचं नाव काय ठेवलं? 'सुपरऑप्टिमायझर'! मूळ शब्द इतका झिजला होता, की खऱ्या अर्थासाठी त्याला 'सुपर' जोडावं लागलं.

आता 'इष्ट'कडे या. इष्ट म्हणजे काय? जीसीसी कंपायलरचा ओ2 पर्याय मुख्यतः वेग बघतो, ओएस पर्याय आकार. दोन्ही 'ऑप्टिमायझेशन'च, पण निघणारा कोड वेगळा.

हा शब्दांचा कीस नाही. 'तम' म्हटलं की सिद्धता द्यावी लागते. 'तर' म्हटलं की कशाच्या तुलनेत आणि किती, ते मोजून दाखवावं लागतं. 'तर'ला 'तम' म्हटलंत, तर तुमच्यामागून येणाऱ्याला वाटेल, इथे करण्यासारखं काही उरलंच नाही.

तेव्हा सिनॉप्सिस पुन्हा उघडा. सिद्धता नसेल तर तो शब्द खोडा आणि सरळ लिहा : काय सुधारलं, किती सुधारलं, आणि त्यापायी काय गमावलं. वाक्य साधं होईल, पण तोंडी परीक्षेत ते तुमच्या बाजूने उभं राहील.