आशयसापेक्ष प्रतिमा-आकारबदल : 'सीम कार्व्हिंग' पद्धतीचे चिकित्सक परीक्षण

छायाचित्राची रुंदी कमी करताना ते कापल्यास कडेचा भाग जातो, दाबल्यास आकृत्या विरूप होतात. शाय अविदान व एरियल शमीर यांनी २००७ साली मांडलेल्या 'सीम कार्व्हिंग' पद्धतीने तिसरा मार्ग दाखविला. लगतच्या पिक्सेलांमधील फरक मोजून, प्रत्येक ओळीतून एकच पिक्सेल घेत वरून खाली जाणारी, सर्वांत कमी फरकाची सलग रेषा शोधली व वगळली जाते. हीच क्रिया इष्ट रुंदी येईपर्यंत पुन्हा पुन्हा केली जाते.

निसर्गदृश्यांत या पद्धतीचे यश लक्षणीय आहे. आकाश व पाणी घटते, माणसे शाबूत राहतात. तथापि येथे 'आशय' म्हणून मोजला जातो तो केवळ फरक, अर्थ नव्हे. नांदेड जिल्ह्यातील होट्टल येथील चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिराचे छायाचित्र असे अरुंद केल्यास शिल्पांआधी त्यांमधील सपाट भिंत घटण्याची, सरळ स्तंभ वाकण्याची शक्यता असते. स्थापत्याच्या अभ्यासकास मात्र ते अंतर व प्रमाण हाच पुरावा असतो.

२००८ मधील सुधारित मांडणीने रेषा वगळल्यामुळे येणारी विरूपता कमी केली. निवडक भाग राखून ठेवण्याची सोय मूळ पद्धतीतही होती. परंतु काय राखावे, हे जाणकारासच ठरवावे लागते. सबब, पडद्याच्या मांडणीसाठी ही पद्धती उपयुक्त असली, तरी संशोधनात पुरावा म्हणून द्यावयाच्या छायाचित्रास ती लावणे अयोग्य होय. अन्यत्र लावल्यास मूळ प्रत जपून बदलाचा स्पष्ट उल्लेख करणे आवश्यक ठरते.