तीन पुस्तकांचं एक वर्ष

एक पुस्तक संपवावं, मगच दुसरं उघडावं, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. राजूरसारख्या गावात ते जमत नाही. हवं ते पुस्तक हवं तेव्हा मिळत नाही. हाती आलं ते धरून ठेवावं लागतं. गेल्या चैत्रात आमच्या हाती एकदम तीन आली. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' (१९५६), महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) आणि दया पवारांचं 'बलुतं' (१९७८). यांचं एकमेकांशी काही देणंघेणं असेल, असं आम्हाला वाटलं नव्हतं.

'ऋतुचक्र' महिन्यामहिन्यानं चालतं. म्हणून ठरवलं, जो महिना लागेल त्याचा लेख वाचायचा. त्याच आठवड्यात असूडाचं पहिलं प्रकरण काढलं आणि थबकलो. तिथंही चैत्र! वर्षप्रतिपदेला भटजी शेतकऱ्यांच्या घरोघर वर्षफळ वाचतो आणि दक्षिणा घेतो. पुढं रामनवमी, मग पुढचे सण. असं करत फुले अख्खं वर्ष फिरवून आणतात. म्हणजे हेही एक ऋतुचक्रच. फरक एवढाच, की झाडाला काय आलं हे इथं नाही, घरातून काय गेलं ते लिहिलंय.

आमच्यातला एक जण लगेच म्हणाला, "घरात दाणा नाही त्यानं पालवी बघावी कशी?" आम्ही माना डोलावल्या. दोन-तीन महिने दुर्गाबाईंचा लेख वाचायचा आणि फुल्यांचा हवाला देऊन त्यांना हसायचं, असं चाललं. आज त्याची लाज वाटते. टाळी घेणारं वाक्य म्हणजे समीक्षा नव्हे.

झालं असं, की जेष्ठाच्या सुमारास असूडाच्या चौथ्या प्रकरणाशी आलो. फुल्यांची वाक्यं लांबलचक, मोठ्यानं वाचली तरच उलगडतात. तिथं ते शेतकऱ्याच्या घरात शिरतात आणि एकेक वस्तू, एकेक कोपरा दाखवतात. काही सोडत नाहीत. तेव्हा लक्षात आलं, की त्यांचा राग या बघण्यावर उभा आहे. आणि दुर्गाबाई तरी काय करतात? नुसती फुलं वेचत नाहीत. गळणं, वाळणंही तितक्याच निष्ठेनं बघतात. फुल्यांनी आम्हाला दुर्गाबाई वाचायला शिकवल्या, हे कबूल करायला हवं. (फुल्यांचं घराणंही फुलांच्या धंद्यातलं, हे आम्ही विसरूनच गेलो होतो.)

'बलुतं'नं मात्र आमचं वेळापत्रक मोडलं. ते महिन्याच्या हप्त्यानं वाचणं शक्यच नव्हतं. दोन रात्रीत संपवलं. दगडू पवार हा दया पवारला आपली कहाणी सांगतो, शिकून पुढं गेलेल्याला मागं राहिलेला सांगतो. मुलूख अकोले तालुक्याचा. त्या तालुक्यातही एक राजूर आहे, म्हणून आमच्या पोरांना उगाच जवळीक वाटली. पण खरी गोष्ट वेगळी आहे. असूडातला शेतकरी लुटला जातो, हे वाचून आमचं रक्त उसळलं होतं. 'बलुतं'मध्ये तोच शेतकरी खळ्यावर उभा राहून महाराचा हक्काचा वाटा देताना कुरकुर करतो. फुल्यांनी शूद्र आणि अतिशूद्र एकत्र धरले. पंचाण्णव वर्षांनी आलेलं हे पुस्तक त्या दोघांच्या मधली जागा दाखवतं. एकेक करून वाचली असती, तर दोन्ही पुस्तकांना आम्ही 'फार छान' म्हणून मोकळे झालो असतो. आमच्या बैठकीत शेती असलेलेही होते आणि बलुतं मागायला गेलेल्यांची नातवंडंही. त्या संध्याकाळी कुणी फार बोललं नाही. चहा तसाच निवला.

आता आमचं वर्ष. इथं कॉलरी आहे, चुनाभट्ट्या आहेत. महिना पगारावर मोजतात, दिवस पाळीवर. भट्टीजवळच्या कडुनिंबाला चैत्रात पालवी येते, पण तिचा रंग मिरगाचा पाऊस पडल्यावरच कळतो. हे तिन्ही पुस्तकांत कुठं नाही. भट्टीवर काम केलेल्या एका बाईंनी विचारलं, "मग हे लिवनार कोन?" आम्ही एकमेकांकडं बघितलं. त्यानंतर बैठकीत एक कोरी वही ठेवली. तिच्यात आतापर्यंत सहा महिने भरलेत. चार तिच्याच तोंडचे, आम्ही उतरवून घेतलेले.

फाल्गुन लागलाय. 'ऋतुचक्र'मधला एक लेख उरलाय. लाइट आहे तोवर तो वाचू, मग वहीतला आषाढ.