मोहक आणि लाघवी

इंग्रजी कादंबरीत ‘विन्सम’ हे विशेषण आले की आपले भाषांतरकार बिनदिक्कत ‘मोहक’ लिहितात. ‘चार्मिंग’ आले तरी मोहक, ‘एन्चँटिंग’ आले तरी मोहकच! एकाच मापाने साऱ्या घराचे कपडे बेतावेत, तसा हा प्रकार आहे.

वास्तविक या शब्दांची कुळे निराळी. ‘चार्म’चे मूळ लॅटिन ‘कार्मेन’. त्याचा अर्थ गाणे, आणि मंत्रही. तेव्हा चार्मिंग स्त्री ही मुळात मंत्र टाकणारी. तिला मोहक म्हणणे रास्तच आहे, कारण ‘मुह्’ म्हणजे भान हरपणे. मोहक आणि मूढ ही एकाच धातूची लेकरे. एक भुरळ घालतो, दुसरा तिला बळी पडतो! ‘विन्सम’मध्ये मात्र मंत्रतंत्र नाही. त्यातल्या ‘विन’चा जुन्या इंग्रजीतील अर्थ आनंद. संस्कृतात आवडणे, इच्छिणे या अर्थाचा ‘वन्’ धातू आहे, तो त्याचा दूरचा सोयरा.

मला विचाराल तर याला मराठी जोड ‘लाघवी’ची. लघु म्हणजे हलका, त्यापासून लाघव. हस्तलाघवात हाताचे तेच हलकेपण आहे. जुन्या मराठीत या शब्दाला चलाखीचा, प्रसंगी कपटाचाही वास होता. तो बराचसा उडाला आणि बोलण्याचालण्याने माणूस जिंकण्याचा गुण मागे राहिला. नव्वदीची आजीसुद्धा लाघवी असू शकते. तिला मोहक म्हणून पाहा, घरची पोरे हसतील. कादंबरीतही नायिकेला मोहक ठरवायला एक ओळ पुरते. तिला लाघवी ठरवायचे तर कुणाशी तरी दोन शब्द बोलू द्यावे लागतात, आणि तेथेच लेखकाची खरी परीक्षा असते.

आमच्या परभणी जिल्ह्यातले गंगाखेड हे जनाबाईंचे जन्मगाव. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या या बाईचा विठ्ठल तिच्या जात्याला हात लावतो, तिच्यासंगे शेण्या वेचतो, तिची वेणी घालतो. हा देव लाघवी खरा! उद्या कोणी हे अभंग इंग्रजीत नेताना त्याला ‘चार्मिंग’ म्हटले, तर जनाईचा सखा निघून जाईल आणि जात्यापाशी कोणी जादूगार येऊन बसेल. ‘विन्सम’ म्हटले तर निदान दळण तरी पुरे होईल.