जनमत चाचण्या आणि वस्तीचे मत : अँटॉप हिलच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

निवडणुकीचे निकाल लागले की जनमत चाचण्यांची झडती सुरू होते. २००४ मध्ये बहुतेक चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला आघाडीवर दाखविले होते. प्रत्यक्षात सत्ता संयुक्त पुरोगामी आघाडीकडे गेली. १ जून २०२४ रोजी प्रसिद्ध झालेल्या बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेहून अधिक जागा दिल्या. ४ जून रोजी त्या २९३ भरल्या. अशा चुकांमुळे चाचण्यांची टिंगल होते. मात्र जागांचे भाकीत हा चाचणीचा सर्वांत दुबळा भाग असून राजकारण व समाज यांविषयीच्या लोकांच्या दृष्टिकोनाची नोंद हे तिचे खरे संचित होय. हे संचित कसे वाचावे, याचा विचार प्रस्तुत लेखात मुंबईतील अँटॉप हिल परिसराच्या संदर्भात केला आहे.

आकड्यांतील समाज

दिल्लीच्या ‘विकासशील समाज अध्ययन पीठा’ने १९६० च्या दशकात निवडणूक अभ्यासाची शास्त्रीय परंपरा सुरू केली. पुढे ‘लोकनीती’ उपक्रमातून ती विस्तारली. महाराष्ट्रात राजेंद्र व्होरा, सुहास पळशीकर यांसारख्या अभ्यासकांनी या सामग्रीच्या आधारे राज्याच्या राजकारणाचे विश्लेषण केले. या परंपरेतील २०२४ च्या निवडणूकपूर्व पाहणीत सुमारे दहा हजार मतदारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. २७ टक्के उत्तरदात्यांनी बेरोजगारी, तर २३ टक्क्यांनी महागाई हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मानला. भारत हा सर्व धर्मीयांचा समान देश आहे, असे ७९ टक्के लोक म्हणाले. प्रचारसभांतील भाषेवरून समाजमनाचा जो अंदाज बांधला जातो, त्याला छेद देणारी ही माहिती आहे. चाचण्याच नको म्हणणाऱ्यांना ती अन्य कोणत्या मार्गाने मिळणार, याचे उत्तर देता येत नाही.

उत्तर कोणासमोर दिले जाते?

तथापि या ७९ टक्क्यांचा अर्थ काय? अँटॉप हिलला केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत आहे. नजीकच संगमनगर, कोकरी आगर यांसारख्या दाट वस्त्या आणि प्रतीक्षानगरातील म्हाडाच्या इमारती आहेत. मराठी, हिंदी, उर्दू, तमिळ अशा अनेक भाषा येथे बोलल्या जातात. १९९२-९३ च्या दंगलींची झळ या परिसरालाही बसली होती; न्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात अँटॉप हिल पोलीस ठाण्याच्या हद्दीचा स्वतंत्र विचार आहे. ही स्मृती बाळगणाऱ्या वस्तीत ‘देश सर्वांचा आहे’ हे उत्तर कोणी श्रद्धेने देईल, कोणी सावधपणे देईल, तर कोणी चारचौघांत तेच शोभते म्हणून देईल. तक्त्यात तिघेही एकाच रकान्यात बसतात.

येथे पद्धतीतील एक बारकावा लक्षणीय आहे. ‘लोकनीती’च्या मतदानोत्तर पाहण्यांत मत कोणाला दिले हा प्रश्न नमुना मतपत्रिका व पेटी यांच्या साहाय्याने विचारला जातो. उत्तर मुलाखतकारालाही दिसू नये, अशी त्यामागे काळजी असते. धर्म, जात, शेजार, स्त्रियांचे स्थान यांविषयीची उत्तरे मात्र तोंडी द्यावी लागतात. दहा बाय दहाच्या खोलीत सासू, नवरा आणि दारातून डोकावणारे शेजारी यांच्या देखत ती दिली जातात. मत गुप्त आणि दृष्टिकोन उघड, अशी ही विषमता आहे. म्हणून दृष्टिकोनविषयक आकडा हा आचरणाचा पुरावा नसून ‘उघडपणे काय बोलता येते’ याचा पुरावा मानणे अधिक युक्त ठरेल. तेवढ्यानेही त्याचे मोल कमी होत नाही. समाजात जे उघड बोलण्याजोगे उरते, त्यावरच सार्वजनिक नीती उभी असते. ७९ चा आकडा उद्या घसरला, तर तो इशाराच ठरेल.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बूर्द्यू यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी चाचण्यांच्या गृहीतकांवर बोट ठेवले होते : प्रत्येकाला मत असते, सर्व मते समान वजनाची असतात आणि विचारलेला प्रश्न विचारण्याजोगा आहे याविषयी सर्वांचे एकमत असते. पाण्याची वेळ आणि घराचा पुरावा यांत दिवस जाणाऱ्या बाईला परराष्ट्र धोरणाविषयी विचारले, तर ‘सांगता येत नाही’ हे तिचे उत्तर अज्ञान ठरविले जाते. प्रश्न तिचा नव्हता, ही शक्यता तक्त्यात उमटत नाही.

बेरीज आणि अवयव

दुसरा दोष वाचकांचा आहे. मे २०२४ मध्ये झालेल्या मतदानात मुंबई दक्षिण मध्य लोकसभा मतदारसंघातून शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे अनिल देसाई विजयी झाले. नोव्हेंबरमध्ये त्याच मतदारसंघात मोडणाऱ्या सायन कोळीवाडा व वडाळा या विधानसभा क्षेत्रांत भारतीय जनता पक्षाचे तमिळ सेल्वन व कालिदास कोळंबकर निवडून आले. यावरून ‘सहा महिन्यांत येथील मत फिरले’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु लोकसभेचा निकाल ही सहा विधानसभा क्षेत्रांची बेरीज असते. बेरजेवरून एका अवयवाविषयी अनुमान करणे तर्कदुष्ट होय. २०२४ मध्ये सुमारे ९७ कोटी मतदार असलेल्या देशात दहा हजारांचा नमुना देशाविषयी बोलू शकतो. अँटॉप हिलविषयी त्याने बोलावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

निष्कर्ष

चाचणीला ज्योतिष मानणारे आणि तिला थोतांड मानणारे, दोघेही एकच चूक करतात : आकडा ज्या संवादातून जन्मला, तो संवाद ते पाहत नाहीत. महाविद्यालयीन अध्यापनात व प्रकल्पांत टक्केवारी उद्धृत करताना मूळ प्रश्न, त्याचे पर्याय, मुलाखतीची भाषा व प्रसंग आणि ‘मत नाही’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण यांचीही नोंद व्हावी. नमुना देशाचा कल सांगतो. वस्तीचे मत जाणण्यासाठी अभ्यासकाला वस्तीतच जावे लागते. या दोहोंची सांगड घातली, तरच जनमत चाचणी हे लोकशाही समजून घेण्याचे साधन ठरेल.