कानबान : खूण आणि आज्ञा

ताइची ओनो यांच्या टोयोटा उत्पादनपद्धतीवरील ग्रंथाची (जपानी १९७८, इंग्रजी १९८८) चर्चा बहुधा साठा कमी करण्यापुरतीच होते. भाषाभ्यासकास त्यातील ‘कानबान’ ही संज्ञा अधिक मोलाची वाटावी. तिचा मूळ अर्थ पाटी. पुढील टप्प्यावरील कामगाराने सुटे भाग उचलले की मोकळी झालेली चिठ्ठी मागील टप्प्यास नवी मागणी कळविते. याउलट, ऑर्लिकी यांनी १९७५ मध्ये ग्रंथबद्ध केलेल्या सामग्री-नियोजनात संगणक अपेक्षित मागणीवरून वेळापत्रक आखतो. पहिली खूण घडलेल्या गोष्टीची, दुसरी आज्ञा अपेक्षित गोष्टीची. आज कानबान संगणकाच्या पडद्यावरही अवतरते. तेथे ती हलविण्याचा अधिकार कामगाराकडे उरला नसेल, तर संज्ञा तेवढी टिकली, अर्थ मात्र पालटला, असेच म्हणावे लागेल.