मारिया साबिनाचे आत्मकथन

बालपणी झालेली जखम मोठेपणी भरून येते काय, आणि येत असल्यास कशाने, हा प्रश्न वैद्यकाइतकाच वाङ्मयाचाही आहे. मनाला भ्रमावस्थेत नेणाऱ्या वनस्पतींनी अशा जखमा बऱ्या केल्याची निवेदने हल्ली पाश्चात्त्य देशांत विपुल प्रसिद्ध होत असतात. ती पारखण्यास आल्व्हारो एस्त्रादा यांनी १९७७ साली स्पॅनिशमध्ये सिद्ध केलेले मारिया साबिनाचे कथन हा उत्तम निकष होय, असे आम्हांस वाटते.

मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातल्या वाउत्ला या डोंगरी गावची ही मासातेक स्त्री निरक्षर होती. एस्त्रादा हेही मासातेकच. त्यांनी तिचे बोलणे ऐकून भाषांतरिले. तिचे वडील ती अगदी लहान असतानाच वारले. आजोळी दारिद्र्य. रानात राखण करताना बहिणीसह तिने भुकेपोटी अळंबी खाल्ली. अशाच एका अनुभवात एक भव्य पुरुष समोर येतो आणि हा तुझा बाप, असे एक आवाज तिला सांगतो. जन्माची ही पोकळी मोजक्या वाक्यांत सांगून कथन पुढे जाते. या संयमातच त्याची शक्ती आहे.

विशेष हे की, तिच्या लेखी खरा उपचार येथे होत नाही. तो बहिणीच्या आजारपणात होतो. तिला वाचविण्यासाठी अळंबी घेतली असता निरक्षर मारियाला ज्ञानाचा ग्रंथ दिसतो. त्यानंतर ती इतरांसाठी गाते, आणि त्या गाण्यांच्या चरणांअंती ‘म्हणे’ या अर्थाचा शब्द येतो. ‘तुका म्हणे’ यात कवी स्वतःचे नाव घालतो. येथे बोलणारी अळंबी, गाणारी केवळ मुख. आजची निवेदने ‘मी’पाशी सुरू होऊन ‘मी’पाशीच थांबतात, हा भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

१९५५ साली गॉर्डन वॉसन तिच्या रात्रविधीस बसले. १९५७ साली ‘लाइफ’मध्ये त्यांचा लेख आला आणि परक्यांची रीघ लागली. १९५८ साली आल्बर्ट हॉफमन यांनी अळंबीतील द्रव्य वेगळे केले. १९६२ साली त्याच्या गोळ्या तिला दिल्या असता तिने त्यांतही तेच सामर्थ्य मान्य केले, असे हॉफमन लिहितात. उलट एस्त्रादांच्या ग्रंथात ती परक्यांच्या येण्याने अळंबीचे बळ ओसरल्याची खंत करते. द्रव्य नेता आले. ज्या भाषेत ते औषध ठरत होते ती मागे राहिली, असा अर्थ आम्ही लावतो.

ग्रंथात एक उणीव आहे. प्रश्नकर्ता कथनाबाहेर राहिल्याने कोणते उद्गार आपसूक आले आणि कोणते विचारल्यावर, हे कळत नाही. तथापि दुःख भोगलेल्या वाचकाने हे पुस्तक औषधपत्रिका म्हणून नव्हे, तर एका पोरक्या मुलीने दुसऱ्यांसाठी कमावलेल्या वाणीची कथा म्हणून वाचावे. त्या दृष्टीने ते श्रेष्ठ आहे.